कोल्हापुरातल्या जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांना खुलं पत्र: फोटोतलं कुत्रं तेवढं राहू द्या

प्रति,
कोल्हापूर शहरातल्या जुन्या फोटो स्टुडिओंचे मालक, त्यांची मुलं-नातवंडं,
आणि जुने फोटो स्कॅन व दुरुस्त करून देणारे सगळे कारागीर

सप्रेम नमस्कार.

महाद्वार रोड, भाऊसिंगजी रोड, लक्ष्मीपुरी, बिंदू चौक या पट्ट्यातल्या जुन्या स्टुडिओंचं रूप आपल्या डोळ्यांदेखत पालटलं. कुणी जागा विकली, कुणाच्या पुढच्या पिढीनं ड्रोन आणि लग्नाच्या अल्बमचं काम धरलं, कुणी शटर ओढलं ते ओढलंच. धंदा बदलतो, पोट सगळ्यांनाच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दुकान रिकामं करताना निगेटिव्हच्या पेट्यांचं काय करायचं हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर भंगारवाला देऊन जातो. काचेच्या निगेटिव्ह धुतल्या की साधी काच उरते, ती खिडकीला बसते. फिल्मच्या निगेटिव्हमधून चांदी काढून घेतात. हुपरी ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला चांदीचा भाव मी काय सांगणार? तरीही एका निगेटिव्हमधून निघणारी चांदी चिमटीतही येत नाही, आणि त्या निगेटिव्हवर जे होतं ते पुन्हा कुठल्याच भावानं मिळत नाही.

या पेट्या जपा असं सांगणारं पत्र तुम्हाला याआधीही कुणी लिहिलं असेल. मी लिहितोय ते त्या पेट्यांमधल्या एका ठरावीक गोष्टीसाठी. जुन्या फोटोंमधली पाळलेली कुत्री. घरच्या माणसांबरोबर, मळ्यात, वाड्याच्या सोप्यात, तुमच्या आजोबांनी टांगलेल्या रंगीत पडद्यासमोर बसलेली कुत्री. ती कापू नका, पुसू नका, आणि त्यांची नावं सापडत असतील तर लिहून ठेवा. एवढंच मागणं आहे. मात्र त्यामागं काय आहे ते नीट सांगायला हवं, कारण नाहीतर हे कुणा प्राणिप्रेमी माणसाचं वेड वाटेल.

शुक्रवार पेठेतल्या एका घरात मी एक फोटो पाहिला. कॅबिनेट साइजचा, जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, खाली स्टुडिओचं नाव उठावात छापलेलं. मागच्या पडद्यावर तळं, दोन खांब, एक कुंडी. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या कलावंतांचं हे गाव, त्यामुळं आपल्याकडच्या स्टुडिओतले पडदेही देखणे असायचे. खुर्चीत फेटा बांधलेले आजोबा, काठीवर दोन्ही हात. शेजारी नऊवारीतली बाई, नजर थेट समोर आणि चेहरा ताठ. मध्ये जरीची टोपी घातलेला पाच-सहा वर्षांचा पोरगा. आणि पोराच्या पायाशी एक पांढरं कुत्रं, एका कानावर काळा डाग. त्या कुत्र्याला दोन तोंडं आहेत. एक कॅमेऱ्याकडं बघणारं आणि दुसरं, त्याहून पुसट, पोराकडं वळलेलं. शेपटीच्या जागी नुसता धूर.

असं का होतं ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. विजेचे दिवे नव्हते तेव्हा मोठ्या खिडकीतून किंवा काचेच्या छपरातून येणाऱ्या उजेडावर काम चालायचं, प्लेटचा वेग कमी, त्यामुळं झाकण काढल्यापासून परत लावेपर्यंत सगळ्यांनी श्वास धरून बसायचं. माणसाला ‘हलू नका’ म्हणता येतं, मानेमागं आधार लावता येतो. कुत्र्याला काय सांगणार? ते मालकाकडं बघणारच. म्हणून त्या काळच्या फोटोत माणसं दगडासारखी आणि कुत्रं हललेलं, असं हमखास दिसतं. फोटो बिघडला म्हणून तो बाजूला ठेवला जायचा. मला विचाराल तर त्या अख्ख्या फोटोत त्या दुपारचा खरा क्षण तेवढ्या हललेल्या जागेतच उतरलाय. बाकी सगळं बसवलेलं आहे.

त्याच फोटोत आणखी दोन गोष्टी आहेत. पडद्याच्या डाव्या कडेला कुणाची तरी दोन बोटं दिसतात, त्यातून एक दोरी कुत्र्याच्या गळ्यापर्यंत आलेली. तो तुमच्यापैकी कुणाच्या तरी स्टुडिओतला हरकाम्या पोऱ्या असणार. त्याचं नाव कुठल्याच कागदावर नसेल, पण बोटं आहेत. आणि दुसरं म्हणजे त्या पोराचा हात. त्याला खुर्चीच्या हातावर हात ठेवायला सांगितलं असावं, उजवा हात तसा ठेवलाही आहे. डावा मात्र खाली कुत्र्याच्या मानेत खुपसलाय, बोटं केसांत बुडालीत. आणि चौघांत हसण्याच्या बेतात असलेला तोच एक.

पुठ्ठ्याच्या मागं मोडीत पोराचं नाव, आणि पुढं ‘व मोत्या’. कुणीतरी बोरूनं, नीट, जागा सोडून लिहिलंय. म्हणजे त्या घरात मोत्या हा मोजण्यातला होता.

आता त्याच घराच्या भिंतीवर आजोबांचा मोठा फोटो आहे, हार घातलेला. याच फोटोवरून एनलार्ज करून घेतलेला. त्यात आजोबा आहेत, फेटा आहे, मागं निळसर धुरकट रंग. बाई नाही, पोरगा नाही, मोत्या नाही. हे कुठल्या स्टुडिओनं केलं ते मी सांगणार नाही, कारण त्यात त्या एकट्याची चूक नाही. गिऱ्हाइकानं तेवढंच मागितलं. आजही तेच मागतात. वर्षश्राद्धाच्या डिजिटल फलकासाठी वडिलांचा चेहरा पाहिजे, म्हणून १९६० सालचा एकुलता एक फोटो तुमच्या काउंटरवर येतो. चेहरा कापून घेतला जातो, बाकीचं मागं राहतं आणि पुष्कळदा मूळ प्रिंटही परत न्यायला कुणी येत नाही. आता तर फोटो ‘साफ’ करणारी अॅप आलीत. त्यांना हललेलं कुत्रं म्हणजे डाग वाटतो. कधी अॅप त्याला पुसून टाकतं, कधी त्याच्या जागी स्वतःच्या मनानं भलत्याच जातीचं तुकतुकीत कुत्रं काढून ठेवतं. चेहऱ्यांचंही तेच करतं म्हणा. पण आजोबांचा चेहरा बदलला तर घरात कुणीतरी ओरडतं. मोत्या बदलला तर ओरडणारं आता कुणी उरलेलं नाही.

म्हणून तुम्हाला लिहितोय. शेवटचे साक्षीदार तुमच्या पेट्या आहेत.

कोल्हापूरच्या जनावरांचा इतिहास काढा म्हटलं की आपण सगळे चित्त्यांवर येतो. बरोबरच आहे. शाहू महाराजांच्या काळात चित्ते पाळून काळवीटाची शिकार व्हायची. पुढं देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आपल्या संस्थानानं आफ्रिकेतून चित्ते मागवले. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता आणि शेजारी चित्तेवान, हे फोटो जगभर छापले गेलेत. नवीन राजवाड्यातल्या संग्रहालयात जाणारा शाळकरी पोरगा पेंढा भरलेला वाघ बघून येतो आणि आठवडाभर तेच सांगतो. हत्ती आहेत, घोडे आहेत. दरबारची जनावरं दरबारच्या दप्तरात आली. पेठेतल्या घरातलं कुत्रं कुठल्या दप्तरात येणार? त्याला ना पगार ना नेमणूक. त्याची नोंद झाली तर फक्त तुमच्या प्लेटवर, तीही चुकून मध्ये आलं म्हणून.

शिकारी कुत्र्यांचा मान थोडा वेगळा. आपल्या बाजूला कारवानी म्हणतात ती सडपातळ, लांब पायांची कुत्री. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी ती जोपासली आणि त्यातली एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, तेव्हापासून ती मुधोळ हाउंड म्हणून जगाला माहीत झाली. २००५ मध्ये टपाल खात्यानं भारतीय कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटं काढली, त्यात मुधोळही आहे. घोरपड्यांची इचलकरंजी आपल्या शेजारी, मुधोळ फार लांब नाही, त्यामुळं जुन्या सरदार घराण्यांच्या अल्बममध्ये असं कुत्रं दिसलं तर त्याला ‘विलायती ग्रेहाउंड’ असं लेबल लावण्याआधी जरा थांबा. ते बहुधा आपल्या पलीकडच्या तालुक्यातलं असेल.

आणि एका बाबतीत तर कोल्हापूरसारखं गाव नाही. दत्तगुरू माहुरात निजतात आणि दुपारच्या भिक्षेला करवीरात येतात, ही आपल्याकडची श्रद्धा. ते येतात ते चार कुत्री घेऊन. नरसोबाच्या वाडीहून आणलेली तसबीर घराघरात आहे, मागं गाय आणि पायाशी चार श्वान. घरी काढलेल्या जुन्या फोटोंत मागच्या भिंतीवर कितीतरी वेळा ही तसबीर दिसते, आणि खाली घरातलं कुत्रं उंबऱ्यापाशी बसलेलं. ज्यांच्या घरात कुत्र्याला आत यायची मनाई होती तिथंही ते उंबऱ्यापर्यंत असायचं, आणि फोटो काढताना त्या उंबऱ्यावरच त्याला जागा मिळायची. कुत्रं घरात कुठवर येऊ शकत होतं, खाटेखाली, सोप्यात, परसात की फक्त दारात, यावरून ते घर कसं होतं हे पुष्कळ कळतं. सोवळं-ओवळं, पैसा, जागा, सगळं. हे एरवी कोण कुठं लिहून ठेवतं?

स्टुडिओबाहेरचे फोटो पुढचे. बॉक्स कॅमेरे आले, मग अॅग्फा क्लिक थ्री घराघरात पोचला. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो, त्यामुळं प्रत्येक फोटो जपून काढायचा, आणि तरी त्या बारांतला एक कुत्र्यावर खर्च झालेला दिसतो. हे मला फार मोलाचं वाटतं. रोल आणि धुलाईचे पैसे घरात मोजून दिले जायचे त्या काळात कुणीतरी ठरवून एक फोटो टायगरचा काढला. मळ्यातल्या गुऱ्हाळावर काढलेला असाच एक फोटो माझ्या डोळ्यासमोर आहे. काहिलीतून वाफ निघतेय, गुळव्या पाठमोरा, चिपाडाच्या ढिगावर एक काळं कुत्रं आरामात झोपलंय. मागं बैलगाडी. त्याच रोलमधल्या पुढच्या फोटोत गाडी शहराकडं निघालीय आणि कुत्रं गाडीखाली, कण्याच्या सावलीत चालतंय. गूळ शहरातल्या बाजारात उतरेपर्यंत ते तसंच चालत आलं असणार. गुळाच्या बाजारावर पुष्कळ लिहून झालंय. गाडीखालच्या त्या सावलीत कोण चालत होतं ते त्या एका चौकोनी फोटोत आहे.

पुढच्या काळात जाती बदलतात आणि त्यावरून फोटोचा काळही अदमासता येतो. माझ्या पाहण्यातल्या फोटोंवरून सांगतो. आधी गावठीच जास्त. मग बंगल्यांच्या आवारात अल्सेशियन दिसायला लागतो, साखळीला आणि पत्र्याच्या पाटीशेजारी. मग पांढरा झुबकेदार ‘पामेरियन’ येतो, तो थेट सोफ्यावर. उंबऱ्यापासून सोफ्यापर्यंतचा हा प्रवास दोन पिढ्यांत झाला आणि तो सगळा तुमच्या निगेटिव्हमध्ये आहे. गळ्यात पट्टा आणि बिल्ला दिसला तर भिंग लावून बघा. त्या काळी बऱ्याच शहरांत नगरपालिका परवान्याचे बिल्ले द्यायच्या, त्यावर नंबर आणि साल असायचं. नुसत्या बिल्ल्यावरून एखाद्या फोटोची तारीख लागू शकते.

कॅमेऱ्यासमोर कुत्र्याचं मोल काय, हे याच शहरातल्या एका माणसानं आधीच दाखवून दिलंय. बाबूराव पेंटरांच्या १९३६ च्या ‘सावकारी पाश’ बोलपटात अंधुक उजेडातलं एक भकास झोपडं दिसतं आणि कुत्र्याचं विव्हळणं ऐकू येतं. जे. बी. एच. वाडियांसारख्या निर्मात्याला तो एवढासा तुकडा आयुष्यभर विसरता आला नाही. आणि त्याच बाबूरावांची १९२० ची ‘सैरंध्री’ आज बघायला मिळत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी आपल्याकडची, ‘प्रभात’ १९२९ साली सुरू झाली ती इथंच, आणि तरी त्या मूकपटांच्या काळातलं आपल्या हाती फार थोडं उरलं. गमावणं म्हणजे काय हे आपल्या गावाला शिकवावं लागत नाही.

आता कामाचं बोलतो.

सगळ्यात आधी रजिस्टर. काचेच्या कडेवर खरडलेला नंबर आणि रजिस्टरमधला नंबर जुळला की नाव, तारीख, साइज, किती कॉपी, सगळं हाती येतं. रजिस्टर गेलं तर पेटीतल्या हजार प्लेट अनोळखी होतात. पेट्या टाकायच्याच असतील तरी रजिस्टर टाकू नका. पावतीपुस्तकंसुद्धा नाही.

स्कॅन करताना पूर्ण प्लेट घ्या, कडांसकट. प्रिंटमध्ये कापलेली बोटं, दोरी, पडद्याची गुंडाळी, हे सगळं कडेला असतं. साध्या प्रिंटला ६०० डीपीआय, लहान प्रिंटला आणि निगेटिव्हला त्याहून जास्त. मागची बाजूही स्कॅन करा, कारण नाव तिथंच असतं. मोडी असेल तर वाचता येत नाही म्हणून सोडू नका, कोल्हापूरच्या पुरालेखागारात आणि शहरात मोडी वाचणारी माणसं आहेत. गिऱ्हाइकाला फलकासाठी चेहरा कापून द्या, तुमचं कामच ते आहे, पण कापण्याआधीची पूर्ण फाइल वेगळी ठेवा आणि तीही त्याच्या पेनड्राइव्हवर टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि काउंटरवर एक प्रश्न विचारा: ‘याचं नाव काय होतं?’ माणूस घाईत असला तरी या प्रश्नाला थांबतो. मी हे पाहिलंय. आजोबांचं पूर्ण नाव सांगताना अडखळणारी सत्तरीतली बाई कुत्र्याचं नाव मात्र चटकन सांगते, ते कुठून आणलं, कशानं गेलं, कुठं पुरलं तेही सांगते. त्यातून घराचा पत्ता, साल, शेजारी, सगळं आपसूक निघतं. ते मऊ पेन्सिलीनं प्रिंटच्या मागं लिहा. बॉलपेननं नको, दाबाचा वळ पुढं उमटतो.

हक्काची शंका तुमच्या मनात येईल, ती रास्त आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार तो काढून घेणारा असतो. तेव्हा घरच्यांना विचारल्याशिवाय कुणाचे चेहरे चारचौघांत लावू नका. पण जपून ठेवायला, नोंद करायला कायदा आड येत नाही. तमिळनाडूत अशाच जुन्या स्टुडिओंमधले फोटो ब्रिटिश लायब्ररीच्या, नष्ट होऊ घातलेले संग्रह वाचवण्याच्या योजनेतून स्कॅन झाले, आणि मूळ फोटो त्यांच्या मालकांकडंच राहिले. तिथं झालं ते इथं का होऊ नये? टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय आहे, शिवाजी विद्यापीठ आहे, १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. त्यांच्या दारी मी स्वतः जाईन, अर्ज-विनंत्या करीन. पण त्यांना दाखवायला आधी पेट्या शाबूत पाहिजेत, आणि त्या तुमच्या हातात आहेत.

शेवटची गोष्ट सगळ्यात तातडीची. २००५, २०१९, २०२१. पंचगंगेचं पाणी कुठवर येतं हे आता प्रत्येक गल्लीला तोंडपाठ आहे. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की आपण धान्य हलवतो, फ्रिज हलवतो, मोटारसायकली पुलावर नेऊन लावतो. निगेटिव्हच्या पेट्या तळघरात नाहीतर दुकानाच्या मागच्या खोलीत राहतात. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळले की ते सुटत नाहीत. ओले असतानाच गार स्वच्छ पाण्यात हलकेच सोडवून, तोंड वर करून सावलीत वाळवले तर पुष्कळसे वाचतात. आणि तेवढा वेळच नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, मग सवडीनं सोडवा. हा उपाय कागदावरच्या प्रिंटला आणि फिल्मला लागू पडतो. काचेच्या प्लेटला मात्र फ्रीजर दाखवू नका, त्या उभ्या करून वाळवायच्या.

पण मुळात पाणी लागूच नये. येत्या जूनच्या आत पेट्या वरच्या मजल्यावर चढवा. वरचा मजला नसेल तर कळवा, माझ्या घरी जागा आहे. पावती करून देईन, कुलपाची किल्ली तुमच्याकडंच ठेवा, आणि वाटेल तेव्हा पेटी परत न्या.

आपला,
एक कोल्हापूरकर